गाडी नंतर, आधी फाइल

मनू,

काल रात्री साडेअकराला तुझा फोटो आला. पांढरी बीएमडब्ल्यू, तिच्या बॉनेटवर टेकवलेला तुझा हात आणि चेहऱ्यावर बारावीच्या निकालाच्या दिवशी होता तसला आनंद. फोटो विकणाऱ्यानेच काढून दिला ना? काढतातच. 'मॅडम, जरा गाडीला हात लावून उभ्या राहा.' हात लावला की माणूस निम्मा राजी झालेला असतो. चौदा वर्षं वागळे इस्टेटमधल्या गॅरेजमध्ये बिलं बनवतेय मी, हे सगळं बघून झालंय.

आईला अजून बोलली नाहीस, ते बरं केलंस. मीही बोलणार नाही. आणि घाबरू नकोस, 'घेऊ नकोस' असं सांगायला मी हे लिहीत नाहीये. रोज सकाळी डोंबिवलीच्या प्लॅटफॉर्मवर पदर खोचून उभं राहायचं, ठाण्याला उतरायचं, पुन्हा शेअर रिक्षाच्या रांगेत लागायचं आणि ऑफिसात पोचेपर्यंत निम्मा जीव खर्ची घालायचा, हे तू आठ वर्षं केलंयस. माणकोलीचा पूल झाल्यापासून गाडीचा रस्ताही जवळ आलाय. स्वतःच्या पैशांनी स्वतःला आवडलेली गाडी घेतेयस. त्यात मला अभिमानच आहे. पण ती गाडी घेण्याआधी माझं जरा ऐक.

सगळ्यात आधी तो किलोमीटरचा आकडा. तू लिहिलंस, 'ताई, बाकी सगळं छान आहे, फक्त एक लाख अठरा हजार झालेत, त्याचीच भीती वाटते.' अगं, त्याची सोडून बाकी सगळ्याची भीती बाळग. २०१४ ची गाडी म्हणजे अकरा वर्षं झाली. भागाकार करून बघ, वर्षाला जेमतेम अकरा हजार. डिझेल गाडीला हे काहीच नाही. मला उलट अकरा वर्षांत चाळीस हजार चाललेली गाडी दाखवली असतीस तर काळजी वाटली असती. एक तर मीटर मागे फिरवलेला असतो, नाहीतर गाडी महिनोन्‌महिने खाली उभी राहिलेली असते. उभ्या गाडीचं रबर आकसतं, टायर कडक होतात, बॅटरी मरते, ब्रेकच्या डिस्कला गंज धरतो, वायरी उंदीर कुरतडतात. आमच्याकडे लॉकडाऊननंतर आलेल्या गाड्यांची हालत बघितली असतीस! कमी चाललेल्या, चकचकीत, आणि आतून पार वाळलेल्या.

बाबा आठवतात मला अशा वेळी. तू लहान होतीस, तुला नीट आठवत नसेल. १९६२ ला एमआयडीसी झाली आणि वागळे इस्टेट ही तिची पहिली वसाहत. त्यातल्याच एका शेडमध्ये बाबा लेथवर होते. त्यांच्या लेथला दोरीने एक पुठ्ठ्याचं कार्ड बांधलेलं असायचं. तेल कधी बदललं, बेअरिंग कधी बदलली, कोणी बदलली, खाली सही. मालकाने एकदा दुसऱ्या कारखान्याची जुनी मशीन घ्यायची ठरवली आणि बाबांना बघायला पाठवलं. बाबांनी मशीन चालूसुद्धा केली नाही, आधी कार्ड मागितलं. कार्ड नव्हतं. बाबा परत आले. मालक चिडला होता म्हणे, पण मशीन घेतली नाही त्याने.

गाडीचं कार्ड म्हणजे तिची सर्व्हिसची फाइल. तुझ्या त्या माणसाने गाडीचे बावीस फोटो पाठवलेत, अलॉयचे वेगळे, सनरूफचे वेगळे, आतल्या निळ्या लाइटचे रात्री काढलेले वेगळे. फाइलचा एकही नाही. ते आधी माग. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये चासी नंबरवर सगळा इतिहास निघतो, तारीख आणि त्या दिवशीचे किलोमीटर यांच्यासकट. मालकाने स्वतः मागितला तर त्याला तो मिळतो. 'फाइल शिफ्टिंगमध्ये हरवली' असं म्हणाला तर त्याला म्हणावं, मग वर्कशॉपमधून प्रिंट काढून आणा. टाळाटाळ केली की समज.

आता एक गोष्ट सांगते ती तुलाही माहीत नाही. २०१६ ला आम्ही ती काळी सेडान घेतली होती, आठवतेय ना? तुझ्या केळवणाला तिच्यातूनच आलो होतो. वर्षभरात विकली. 'पार्किंग मिळत नाही' असं मी सगळ्यांना सांगितलं. खोटं होतं ते. मीटरवर अठ्ठेचाळीस हजार होते, सात वर्षांची गाडी. विकणारा तुझ्या भावोजींच्या मित्राच्या ओळखीतला. आमच्याच गॅरेजमधल्या मिस्त्रींना दाखवून घ्यायला काय हरकत होती? रोज त्यांच्यासोबत डबा खायचे मी! पण भावोजी म्हणाले, 'ओळखीत आहे, स्कॅनर लावतो म्हटलं तर त्याला काय वाटेल?' आणि मी गप्प बसले. भीड भिकेची बहीण, दुसरं काय. पहिल्याच पावसाळ्यात गिअर बदलताना धक्के बसायला लागले. शेवटी मिस्त्रींनी स्कॅनर लावला. डॅशबोर्डवरचा मीटर बदलणं सोपं असतं गं, पण गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरला स्वतःची आठवण असते. त्यात एक लाख एकतीस हजार निघाले. मिस्त्री काही बोलले नाहीत, फक्त स्क्रीन माझ्याकडे फिरवली. गिअरबॉक्सच्या कामासाठी माझ्या दोन पाटल्या मोडल्या आणि मग गाडी मिळेल त्या भावात काढून टाकली. आईला अजून वाटतं पाटल्या लॉकरमध्ये आहेत.

म्हणून म्हणते, स्कॅनर. तू बघितलेल्या या थ्री सिरीजमध्ये तर किलोमीटर किल्लीतही साठवलेले असतात. मीटर, किल्ली, गिअरबॉक्स, वर्कशॉपची प्रिंट, सगळीकडे आकडे जुळायला हवेत. न जुळले तर कारण विचारत बसू नकोस, कारण ते नेहमी छान असतं.

आणि डोळ्यांनाही काही गोष्टी कळतात. स्टीअरिंगचं चामडं गुळगुळीत झालंय का, ड्रायव्हरच्या सीटची बाहेरची कड चेपलीय का, ब्रेकच्या पॅडलचं रबर झिजलंय का. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. ३२१९ असेल तर २०१९ चा बत्तिसावा आठवडा, म्हणजे टायर कितीही चकाकत असले तरी म्हातारे आहेत. सगळ्या काचांवर कंपनीचा शिक्का आणि साल असतं. एकाच दाराची काच वेगळ्या सालाची दिसली तर त्या बाजूने गाडी ठोकलेली असू शकते.

सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघ, कार्पेट उचलून बघ, सीटच्या रुळांवर बारीक गाळ आहे का बघ, डिकीतली गादी काढून हात फिरव. या गाडीची बॅटरी डिकीत असते, तिथे पाणी गेलं की खेळ खल्लास. आपल्या कल्याण-डोंबिवलीच्या पट्ट्यात हे विसरून चालायचं नाही. २६ जुलै २००५ चा पूर आपण दोघींनी गच्चीवर काढलाय आणि २०१९ च्या जुलैत महालक्ष्मी एक्स्प्रेस वांगणीजवळ पुरात अडकली तेव्हा उल्हास नदीने आजूबाजूच्या पार्किंगचं काय केलं, ते पुढे सहा महिने आमच्या गॅरेजला कळत होतं. पुरातून निघालेली गाडी धुऊन पुसून, अत्तर मारून लांबच्या शहरात विकतात. आत शिरल्याबरोबर एअर फ्रेशनरचा फार घमघमाट आला तर मला तरी शंका येते.

इंजिनाचं जरा सविस्तर सांगते, कारण इथेच लोक फसतात. ही थ्री सिरीज, एफ ३० म्हणतात तिला, भारतात २०१२ ला आली. तू बघितलीस ती ३२०डी, दोन लिटरचं डिझेल, १८४ हॉर्सपॉवर, आठ गिअरचा ऑटोमॅटिक. पळते छान, चढावर तर वेड लावते. तिच्या आधीच्या पिढीपासून आलेल्या त्या डिझेल इंजिनाची, एन ४७ त्याचं नाव, एक खोड जगभर गाजलेली आहे: टायमिंग चेन. ही चेन इंजिनाच्या पुढे नसून मागे, गिअरबॉक्सच्या बाजूला बसवलेली आहे. चेन किंवा तिचं ताण देणारं गाइड झिजलं तर बदलायला गिअरबॉक्स किंवा अख्खं इंजिन उतरवावं लागतं. पार्ट स्वस्त, मजुरी डोंगराएवढी. आणि न बदलता चेन तुटली तर इंजिनच गेलं. सगळ्यात जास्त बोभाटा २००७ ते २०११ च्या इंजिनांचा झाला, नंतर कंपनीने सुधारणा केली. तुझी गाडी त्या मानाने नंतरची आहे. पण गाडी थंड असताना सुरू करायला लावायची आणि मागून, म्हणजे डॅशबोर्डच्या बाजूने, साखळी घासल्यासारखा खरखर आवाज येतो का ते ऐकायचं. एकदा गरम झाली की तो आवाज लपतो.

२०१६ च्या फेसलिफ्टपासून वेगळं डिझेल इंजिन आलं, बी ४७. मिळाली आणि बजेटात बसली तर ती बघ. तू दुसरी एक लिंक पाठवलीस ना, ३२८आय पेट्रोल, 'ताई, डिझेलपेक्षा पेट्रोल बरं नाही का?' त्या पेट्रोल इंजिनातही चेनच्या प्लॅस्टिक गाइडची तक्रार होती, अमेरिकेत त्यावरून ग्राहकांनी कंपनीला कोर्टात खेचलं होतं. चेनच्या बाबतीत तरी पेट्रोल म्हणून सुटका नाही. भावोजींचं म्हणणं असं की हिने स्कोडाची ऑक्टाव्हिया आरएस घ्यावी. ऐकू नकोस, २०२० च्या त्या आरएस २४५ भारतात फक्त दोनशे आल्या, त्यामुळे जुनीसुद्धा सोन्याच्या भावाने जाते. त्यांना ती स्वतःला हवी आहे.

गिअरबॉक्स मात्र या गाडीतला चांगला आहे, जर्मन झेडएफ कंपनीचा. पण त्याच्या तेलाबद्दल एक गंमत आहे. गाडीची कंपनी म्हणते, तेल आयुष्यभर बदलायचं नाही. गिअरबॉक्स बनवणारी कंपनी म्हणते, ऐंशी हजार ते एक लाख वीस हजार किलोमीटरच्या दरम्यान बदला. आता आयुष्य कोणाचं, गाडीचं की वॉरंटीचं, हे तूच ठरव. फाइलमध्ये गिअरबॉक्सचं तेल बदलल्याचं बिल सापडलं तर त्या मालकाला माझ्याकडून मनापासून नमस्कार सांग. त्या बदलात खालचं प्लॅस्टिकचं पॅन आख्खंच बदलावं लागतं, फिल्टर त्यातच असतो. चाळीस-एक हजार धरून चाल.

राहिला आपला रस्ता. घोडबंदर रोडचे खड्डे, मुंब्रा बायपास, शीळफाट्याचं ट्रॅफिक, आणि तुमच्या सोसायटीचा तो उभा रॅम्प. ही गाडी खाली बसलेली आहे आणि तिचे टायर बहुतेक रनफ्लॅट असणार, म्हणजे पंक्चर झालं तरी थोडं अंतर चालतात, पण भिंती इतक्या कडक की प्रत्येक खड्डा कंबरेला कळतो. टायर एकेक पंधरा-वीस हजारांना. सस्पेन्शनचे बुश, लोअर आर्म, माउंटिंग हे आपल्याकडे सर्रास झिजतात, त्यात गाडीचा दोष नाही, महापालिकेचा आहे. चालवून बघताना गुळगुळीत हायवेवर नेऊ देऊ नकोस त्याला. आमच्या इस्टेटच्या आतल्या रस्त्यांवर आण. रेडिओ बंद, एसी बंद, काचा खाली. ठक्‌ठक्‌ कुठून येते ते ऐक.

तेलगळती, कूलिंगचे प्लॅस्टिकचे पाइप, थर्मोस्टॅट, वॉटर पंप, हे सगळं या वयात एकेक करून येणारच. अकरा वर्षं उष्णता खाल्लेलं प्लॅस्टिक पापडासारखं मोडतं.

आणि आता पैशांचं, कारण खरी मेख तिथे आहे. तो अकरा लाख मागतोय. तुझ्या डोक्यात असं आहे की नव्या छोट्या गाडीच्या भावात बीएमडब्ल्यू. बरोबर आहे, गाडीचा भाव उतरला. पण नवी असताना ती पस्तीस-चाळीस लाखांच्या घरातली होती, आणि तिचे पार्ट अजूनही त्याच घरात राहतात. त्यांना कोणी सांगितलेलं नाही की गाडी आता जुनी झाली. हेडलाइटचा एक जोड फुटला तर बिल बघून तुला बसायला खुर्ची लागेल. म्हणून अकरा असतील तर नऊचीच गाडी बघ आणि दोन बाजूला ठेव. अडीच ठेवलेस तर मी शांत झोपेन. पहिल्या सहा महिन्यांत सगळी तेलं, ब्रेक, टायर, चार रबरं, यात ते उडणार आहेत. हप्त्याचा हिशेब केलास तसा याचाही कर.

विमा आहे की, असं म्हणशील. विमा आहेच, पण त्याची बारीक अक्षरं वाच. झीरो डेप्रिसिएशन इतक्या जुन्या गाडीला सहसा देत नाहीत. मग प्लॅस्टिक, रबर, टायर, बॅटरी यांची निम्मी किंमत तुझी, आणि दहा वर्षांवरच्या गाडीत पत्र्याच्या भागांचीही निम्मी. तीन हात नाक्यावर कोणी मागून ठोकलं तरी बंपरचे निम्मे पैसे तुझ्याच खिशातून. पावसात इंजिनात पाणी शिरून नुकसान झालं तर तेही साध्या पॉलिसीत बसत नाही. म्हणून पाण्यात बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारायचा नाही, अजिबात नाही, ढकलून बाजूला घ्यायची. आणि आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस तुला मिळत नसतो, तो त्याच्यासोबत जातो. एजंट याबद्दल गोड बोलेल.

कागदांमध्ये सगळ्यात आधी आरसीवर बँकेचा बोजा आहे का बघ. असला तर बँकेचं पत्र आणि ३५ नंबरचा फॉर्म हातात आल्याशिवाय टोकनसुद्धा देऊ नकोस. २९ आणि ३० नंबरचे फॉर्म त्याच्या सहीने घे, आणि नाव महिन्याच्या आत आपल्या नावावर. ई-चलनं किती थकलीत ते मोबाइलवरच दिसतं, ती त्याने भरायची. नोंदणी पंधरा वर्षांची असते, म्हणजे हिची २०२९ ला संपणार. पुढे फिटनेस तपासणी, पर्यावरण कर, सगळं तुझ्या खात्यावर. तेव्हा ती विकायला काढलीस तर गिऱ्हाईक मिळेल या भरवशावर राहू नकोस.

आणि तू विचारलेली ती हरयाणा पासिंगची, आठ लाखांची? ती विसर. दिल्ली-एनसीआरमध्ये दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर हरित लवादाने २०१५ ला बंदी आणली, २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने उचलून धरली, तेव्हापासून तिकडच्या गाड्या स्वस्तात इकडे यायला लागल्या. पुढे नियमांचं काही का होईना, तिकडून एनओसी आणा, इथला रोड टॅक्स पुन्हा भरा, एमएच ०५ चा नंबर घ्या, यात तुझे स्वस्तातले पैसे पळतात. शिवाय तिचा इतिहास कोण सांगणार आपल्याला? एमएच ०४ ची गाडी असली तर निदान तिचं वर्कशॉप रिक्षाने जाण्याएवढं जवळ असतं.

शनिवारी सकाळी नऊला गाडी घेऊन ये आमच्या गॅरेजला. मिस्त्रींना सांगून ठेवलंय, ते रॅम्पवर चढवून खालून बघतील, स्कॅनर लावतील, आणि पैसे घेतील. घेऊ दे, फुकट तपासलं की माणूस स्पष्ट बोलत नाही. विकणाऱ्याला सांग, गाडी रात्रभर उभी असू दे, सकाळी मी आल्याशिवाय सुरू करू नका. तू त्याच्या बिल्डिंगखाली पोचलीस की फोटोत ठेवलास तसा हात बॉनेटवर ठेव. कोमट लागलं तर त्याने तुझ्याआधी गाडी गरम करून ठेवलीय. मग चावीसुद्धा हातात घेऊ नकोस, रिक्षा करून सरळ इकडे ये. कॅन्टीनमध्ये मिसळ असते शनिवारी.

पाटल्यांचं मात्र आईजवळ बोलू नकोस. ते मी सांगेन, कधीतरी.

तुझी,
ताई